दुपारी ऑफिसात डेडलॉक, रात्री घरी रेल्वेचा डेडलॉक: मग आपण दमतो ते नक्की कशाने?

अर्धविराम | सोमवार, रात्री १:४८

मंडळी, झोप येत नाहीये म्हणून धागा काढतोय. हलकेच घ्या.

आज दुपारी तीन तास एक कॉल चालला. अकरा माणसं. आमच्या दोन सर्व्हिसेस एकमेकींची वाट बघत उभ्या राहत होत्या. एकीने डेटाबेसमधली ऑर्डरची ओळ लॉक केलेली, म्हणजे दुसऱ्या कुणाला हात लावता येणार नाही अशी धरलेली, तिला स्टॉकची हवी. दुसरीने स्टॉकची धरून ठेवलेली, तिला ऑर्डरची हवी. डेटाबेस थोडा वेळ बघतो आणि एकीचा बळी देतो, ती पुन्हा येते, पुन्हा तेच. कारण मला पहिल्या वीस मिनिटांत सापडलं होतं. उरलेला वेळ हे नेमकं कुठल्या टीमचं यात गेला. दुरुस्ती काय, तर कोडच्या दोन ओळींची अदलाबदल. ती प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, जाणार पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी.

डोकं भणभणलेलं घेऊन बसलो आणि फॅक्टोरिओ उघडलं. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी: तुमचं यान एका परग्रहावर कोसळतं आणि तिथली खनिजं उपसून तुम्ही कारखाना उभा करायचा. पट्टे, यंत्रं, मग रेल्वे. वूब सॉफ्टवेअर नावाच्या एका छोट्या चेक कंपनीने केलाय, २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. खेळ कसला, पगार न देणारी दुसरी नोकरीच आहे. तर माझ्या मोठ्या चौकात सात गाड्या एकमेकींत अडकल्या. एकीचं शेपूट दुसरीच्या वाटेत, दुसरीचं तिसरीच्या. रात्री दहापासून आत्तापर्यंत तेच सोडवत होतो. सुटलं नाही.

मधे बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "ऑफिसचं अजून संपलं नाही का?" हा गेम आहे असं सांगायला जीभ रेटेना.

प्रश्न असा की दुपारीही डेडलॉक, रात्रीही डेडलॉक. डोकं तेच, खुर्ची तीच. दुपारी तीन तासांत पिळून निघालो आणि रात्री पावणेचार तासांत कंटाळासुद्धा आला नाही. म्हणजे मी कामाने दमलोच नव्हतो?

(चौक कुणाला सुटत असेल तर सांगा. आत शिरताना, मधे आणि बाहेर पडताना, सगळीकडे साधे सिग्नल लावलेत.)

---

काडीबहाद्दर | मंगळवार, सकाळी ८:०५

रात्री पावणेदोनला धागा काढणाऱ्या माणसाचं काय बिघडलंय हे मी सांगायला हवं का? व्यसन म्हणतात त्याला.

खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

---

गोगलगाय | मंगळवार, सकाळी ९:२०

+१. मी दिवसभर एक्सेलमधे असतो आणि घरी येऊन फुटबॉल मॅनेजर खेळतो. म्हणजे घरीही एक्सेलच, फक्त ओळींना पायांच्या दुखापती होतात.

---

चाचणीवाली | मंगळवार, सकाळी १०:४२

काडीबहाद्दर, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. पण खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सगळं साधारण बारा महिने, असा तो मामला आहे. एका सोमवारच्या जागरणाला तुम्ही पूर्ण निदान चिकटवलंत. असे बग रिपोर्ट आम्ही परत पाठवतो.

अर्धविराम, माझं उत्तर सोपं आहे. गेम तुम्हाला सांगतो की तुम्ही मेलात. कुठे मेलात, कशाने मेलात, लगेच. ऑफिसात मी बग लिहिते, चार दिवसांनी उत्तर येतं, "आमच्याकडे होत नाही." मी व्हिडिओ जोडते. उत्तर, "हे असंच अपेक्षित आहे." मग तोच बग ग्राहकाला सापडतो आणि मला विचारलं जातं, तुम्ही टेस्ट केलं नव्हतं का? मी दमते ते या मधल्या चार दिवसांनी. बग शोधताना मी कधीच दमले नाही. खरं सांगायचं तर तेवढंच एक काम मला येतं आणि आवडतं.

अवांतर: कोनामी कोड, म्हणजे खेळातली गुप्त मदत उघडणारा बटणांचा क्रम, सगळ्यांना माहीत असेल. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. ग्रेडियस हा खेळ १९८६ मधे घरच्या कन्सोलवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासून बघायला फार अवघड जात होता, म्हणून सगळी शस्त्रं एकदम मिळावीत अशी पळवाट त्यांनी स्वतःसाठी ठेवली. ती काढायची राहून गेली आणि जगभर लाडकी झाली. आमच्याकडे टेस्टिंगचं बटण प्रॉडक्शनला राहिलं तर त्याची दंतकथा होत नाही. आरसीए होते, म्हणजे मूळ कारण शोधणारा अहवाल, सतरा पानी.

---

निशाचर | मंगळवार, दुपारी १२:१५

सतरा पानी आरसीए 😂 कोपरापासून दंडवत.

---

शून्यापासून | मंगळवार, दुपारी १:३०

दोन्ही डेडलॉक एकत्र सोडवू. लांबण लागेल, पण विषय माझ्या आवडीचा आहे.

१९७१ मधे कॉफमन आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला. डेडलॉक व्हायला चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. माणूस हातातली वस्तू न सोडता दुसरीची वाट बघतो. धरलेली वस्तू कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ होतं: मी तुझ्यासाठी थांबलोय, तू तिच्यासाठी, ती माझ्यासाठी. चारातली कुठलीही एक मोडा, गाठ पडतच नाही. चारही सोडवायच्या मागे लागू नका.

आता तुमचा डेटाबेस. एकीचा बळी देतो म्हणालात, म्हणजे तिसरी अट त्याने मोडलेलीच आहे. त्यामुळे सगळं कायमचं गोठत नाही. पण बळी पडलेली सर्व्हिस लगेच परत येऊन त्याच वेड्या क्रमाने लॉक मागते, म्हणून ती मलमपट्टीच. तुमच्या दोन ओळींच्या अदलाबदलीने चौथी अट मोडते. सगळ्यांनी आधी ऑर्डर, मग स्टॉक, याच क्रमाने मागायचं ठरलं की वर्तुळ होऊच शकत नाही. दुरुस्ती बरोबर आहे.

चौकात चौथी मोडता येणार नाही, कारण गाड्या चारही दिशांनी येणार आणि त्यांना क्रम लावता येत नाही. तिथे दुसरी मोडायची. साधा सिग्नल फक्त पुढचा एक ब्लॉक, म्हणजे दोन सिग्नलांमधला रुळांचा तुकडा, मोकळा आहे का एवढंच बघतो. मोकळा दिसला की गाडी आत घुसते आणि चौकाच्या ऐन मध्यात उभी राहते, अर्धा चौक अडवून पुढच्या तुकड्याची वाट बघत. हेच ते हातात धरून वाट बघणं. प्रवेशाला आणि मधे चेन सिग्नल लावा, साधा फक्त बाहेर पडताना. चेन सिग्नल गाडीच्या वाटेवरचा पुढचा सिग्नलही बघतो. थेट बाहेर पडता येणार असेल तरच गाडी आत शिरते, नाहीतर चौकाच्या बाहेर गुमान उभी राहते.

आणि हो, बाहेर पडल्यावरचा ब्लॉक तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब ठेवा. हे सगळे विसरतात.

---

गोगलगाय | मंगळवार, दुपारी १:४१

कॉलेजात हे चार मुद्दे परीक्षेपुरते पाठ केले होते. आज पहिल्यांदा कळले. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

काडीबहाद्दर | मंगळवार, दुपारी २:१०

आमच्याकडचा डेडलॉक सांगतो. मी माझा कोड रिव्ह्यूला देत नाही कारण दुसऱ्या टीमने एपीआय, म्हणजे त्यांच्या सिस्टिमशी जोडायची सोय, दिलेला नाही. ते एपीआय देत नाहीत कारण त्यांना माझ्या कोडचा रिव्ह्यू झालेला हवाय. दीड महिना झाला. दोघंही रोज सकाळच्या स्टँडअप बैठकीत सांगतो, "ब्लॉकर नाही," म्हणजे काही अडलेलं नाही.

---

तटस्थ_मॅनेजर | मंगळवार, सायंकाळी ६:५५

दुसऱ्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, तर मी बोलतो. दगड बाजूला ठेवा.

तीन तासांच्या कॉलवर सगळे हसतायत. मीही असे कॉल लावतो. त्या अकरा जणांतल्या दोघांना आदल्या रात्री दोनला उठवलेलं असतं. एकाला ग्राहकाला लेखी उत्तर द्यायचं असतं. एकाला ठाऊक असतं की हाच कोड तिसऱ्या एका ठिकाणीही लॉक मागतो आणि तिथे क्रम उलटा आहे. ते त्याने बोलून दाखवेपर्यंत दोन तास जातात, कारण त्याला बोलायची भीड वाटते. अर्धविराम यांना वीस मिनिटांत कळलं याबद्दल शंका नाही. पण त्यांना जे कळलं ते पूर्ण होतं हे आम्हाला कुठून कळावं?

गेममधे तुम्ही रूळ उखडून पुन्हा टाकता, फसलं तर जुना सेव्ह उघडता. तुमच्या गाड्यांत माणसं बसलेली नसतात.

---

अर्धविराम | मंगळवार, रात्री ९:३०

शून्यापासून, हे आज रात्रीच करून बघतो. मनापासून आभार.

मॅनेजरसाहेब, तिसऱ्या ठिकाणाचं तुम्ही कसं ओळखलंत? खरंच होतं. आज सकाळी एका ज्युनिअरने दाखवलं, आणि दाखवताना तीनदा सॉरी म्हणाला. कालच्या कॉलवर तो होता. गप्प होता.

तेवढं मान्य केलं. तरीही दमणुकीचं कोडं सुटत नाही. पूर्ण विचार करायला तीन तास लागले असते तर मी दमलो नसतो. ते तीन तास विचारात गेलेच नाहीत.

---

पडद्यामागचा | बुधवार, सकाळी ७:५०

बराच काळ वाचनमात्र होतो. हा धागा बघून लॉगिन केलं.

मी आधी गेमच्या स्टुडिओत होतो. लोकांना वाटतं तिथे सगळे खेळत बसलेले असतात. मी दोन वर्षं दरवाजे केले. एका खेळातले सगळे दरवाजे. दरवाजा उघडताना मधे शत्रू उभा असेल तर काय? खेळाडूचा सोबती दारातच थांबला तर? नेटवर्कवर एकाला उघडा दिसतो आणि दुसऱ्याला बंद, तर गोळी आरपार जाणार की नाही? प्रत्येक प्रश्नावर बैठक. शेवटी निम्मे दरवाजे कायमचे बंद ठेवायचे ठरले. त्यांना फक्त मूठ ठेवली, म्हणजे दरवाजा वाटावा. तुम्ही खेळताना ज्या दाराला धडका मारून चिडता ते एका बैठकीत हरलेलं दार असतं.

शेवटचे चार महिने शनिवार-रविवार नव्हतेच. यात नवीन काही नाही. १९८२ मधे अटारी या गेम कंपनीने ई.टी. या चित्रपटावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्याकडून साधारण पाच आठवड्यांत करून घेतला, कारण सुट्ट्यांच्या खरेदीच्या आत तो दुकानांत हवा होता. एकट्या माणसाने पाच आठवड्यांत तो पूर्ण केला हेच मला आजही अचाट वाटतं. लोकांना लक्षात राहिलं ते न खपलेली कार्ट्रिजेस वाळवंटात पुरल्याचं. २०१४ मधे ती खणूनही काढली.

त्याच कंपनीत त्याआधी वॉरन रॉबिनेट होते. खेळावर प्रोग्रामरचं नाव छापायचं नाही असं धोरण होतं, म्हणून त्यांनी ॲडव्हेंचर या खेळात एक गुप्त खोली केली आणि आत स्वतःचं नाव लिहिलं. वरिष्ठांना पत्ता नव्हता. ते नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाला ती खोली सापडली. मला हा किस्सा कुणी सांगितला की सगळे हसतात. मला त्यात दिसतं की माणसाला आपलं काम कुणीतरी बघावंसं वाटतं, आणि त्यासाठी तो भिंतीत खोली कोरतो.

माझं नाव त्या खेळाच्या शेवटच्या यादीत आहे. पण स्टुडिओ सोडल्यापासून मला खेळताच येत नाही. कुठेही गेलो की आधी दारं बघतो.

---

निशाचर | बुधवार, सकाळी ८:३०

दारांचं वाचून गप्प झालो. तुम्ही स्वतंत्र लेख लिहा, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) आत्ताच देऊन ठेवतो.

रच्याकने, ऑफिस आणि गेम यांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जवळचं आहे. आपण दिवसभर हिरवा ठिपका जिवंत ठेवत बसतो ते स्लॅक, ऑफिसातल्या गप्पांचं ॲप, एका बुडालेल्या गेमच्या पोटातून निघालं. स्ट्यूअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीने २०११ मधे ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ आणला. तो चालला नाही, २०१२ च्या डिसेंबरात बंद केला. पण तो बनवताना टीमने आपापसात बोलायला जे साधन केलं होतं ते उरलं, आणि पुढच्या वर्षी तेच स्लॅक म्हणून लोकांसमोर आलं. याच गृहस्थांच्या आधीच्या खेळातून फ्लिकर ही फोटोंची साइट निघाली होती. दोनदा खेळ करायला गेले आणि दोनदा दुसरंच काहीतरी हाती लागलं.

---

काडीबहाद्दर | बुधवार, सकाळी ८:४४

म्हणजे खेळ मेला आणि ऑफिस तेवढं उरलं. वा.

---

चाचणीवाली | बुधवार, सकाळी ११:१०

उलटा प्रवासही मी बघितलाय. एका ठिकाणी वरून फर्मान आलं की कामात "खेळाची मजा" आणायची. दर बगला गुण, भिंतीवर मोठी पाटी, महिन्याचा विजेता. पहिल्या आठवड्यात आम्ही शुद्धलेखनाच्या चुका एकेक करून नोंदवल्या. डेव्हलपर मंडळींना बंद केलेल्या तिकिटांचे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींचे, गुण होते, त्यांनी सगळ्या "आधीच नोंदलेलं" म्हणून बंद केल्या. दोघांचेही गुण वाढले. तिसऱ्या आठवड्यात एकाने एका तिकिटाची पाच केली. दीड महिन्याने पाटी गुपचूप उतरवली गेली. तोवर एक गंभीर बग तसाच पडून होता, कारण तो शोधायला दोन दिवस लागले असते आणि गुण मिळाले असते तेवढेच.

गुण म्हणजे खेळ नव्हे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. फॅक्टोरिओत कुठे कुणी गुण मोजतंय?

---

शून्यापासून | बुधवार, दुपारी १२:५०

गेम प्रामाणिक असतो यावर थोडी काडी मी टाकतो. खेळणं प्रामाणिक असेल, पण खेळ तयार होतो तो ऑफिसातच. जीटीए ऑनलाइन हा खेळ उघडायला लोकांना कित्येक वर्षं मिनिटं-मिनिटं थांबावं लागायचं. २०२१ मधे एका खेळाडूने वैतागून, मूळ कोड हातात नसताना, कारण खोदून काढलं. खेळ सुरू होताना साधारण १० एमबीची एक जेसन फाइल (माहिती मजकुराच्या रूपात साठवलेली) वाचली जायची, त्यात ६३ हजारांच्या आसपास नोंदी. दर तुकडा वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जायची. वर प्रत्येक नवी नोंद आधी आली आहे का हे बघायला आख्खी यादी पहिल्यापासून चाळली जायची. त्याने ते आपल्या मशीनवर दुरुस्त केलं आणि वेळ जवळपास ७० टक्क्यांनी घटली. कंपनीने त्याचं म्हणणं मान्य करून सुधारणा सोडली, बक्षीसही दिलं.

आत बसलेल्यांना हे येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, "लोडिंग सावकाश आहे" हे तिकीट कुणाच्याच नावावर नसावं. त्या खेळाडूला त्याची गरज पडली नाही.

---

तटस्थ_मॅनेजर | बुधवार, सायंकाळी ७:२०

हे उदाहरण माझ्या टीमला दाखवणार आहे. आणि हो, आमच्याकडे "बिल्ड सावकाश आहे" हे तिकीट कुणाच्या नावावर आहे ते बघितलं. माझ्याच. तारीख सांगत नाही.

---

नवशिका | बुधवार, रात्री ११:०५

नोकरीला आठ महिने झाले. कॉलवर मीही गप्प असतो. धाग्यातला तो तीनदा सॉरी म्हणणारा ज्युनिअर वाचून थोडं बरं वाटलं. ऑनलाइन गेमच्या रेडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेल्या हल्ल्यात, अनोळखी वीस माणसांना मी ओरडून सूचना देतो, तिथे काही वाटत नाही. चुकलो तर सगळे मरतो आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू करतो.

---

अर्धविराम | पुढचा शुक्रवार, रात्री १०:१५

दोन्ही निकाल सांगायला आलोय.

गुरुवारी दुरुस्ती प्रॉडक्शनवर गेली. तिन्ही ठिकाणची, ज्युनिअरने शोधलेल्या तिसऱ्यासकट. आधी दर तासाला डेडलॉकचे दात वर यायचे, आता ग्राफ सपाट. शून्य, शून्य, शून्य. चॅनेलवर कुणी काही बोललं नाही. बोलणार तरी काय, काही घडतच नाहीये. मी तो सपाट ग्राफ दहा मिनिटं बघत बसलो. मग उठून त्या ज्युनिअरच्या जागेवर गेलो आणि त्यालाही दाखवला. दोघांनी मिळून आणखी पाच मिनिटं बघितला. तो पुन्हा सॉरी म्हणाला, का ते त्यालाच माहीत.

चौकात चेन सिग्नल लावले. शेवटचा लावला तशी पहिली गाडी हलली, मग दुसरी, तिसरी, सातही एकामागोमाग निघून गेल्या. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "सुटलं का ऑफिसचं?" मी हो म्हणालो.

---

शून्यापासून | शुक्रवार, रात्री १०:२२

झकास! बाहेरचा ब्लॉक गाडीपेक्षा लांब ठेवलात ना?

---

अर्धविराम | शुक्रवार, रात्री १०:३१

आत्ता बघून आलो. पुन्हा अडकल्यात. पाच.